चोरदिंडीची सौंदर्यमीमांसा

मराठीत टीका कशावर झालेली नाही, असा प्रश्न एखाद्या परीक्षेत आला तर विद्यार्थ्यांची पंचाईत होईल. कवितेवर झाली, कादंबरीवर झाली. नाटकावर तर इतकी झाली की नाटक तिसऱ्या प्रयोगाला पडलं तरी परीक्षणं महिनाभर चालू राहिली. टीकेवरही टीका झाली. पण नकाशावर कुणी लेखणी उचलल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यातूनही खऱ्या मुलखाचा नव्हे, तर जगात कुठंच नसलेल्या किल्ल्याचा, पोरांच्या खेळासाठी काढलेला नकाशा! त्यावर रीतसर टीका करण्याचा हा प्रयत्न आहे. समीक्षक म्हणून माझी पात्रता काय, असं कुणी विचारील. मला चित्रकला येत नाही, भूमितीशी माझं कधी जमलं नाही आणि हा खेळ मी स्वतः खेळत नाही. एवढी पात्रता नाट्यपरीक्षणाला पुरते, मग नकाशाला का पुरू नये?

आधी थोडी पूर्वपीठिका. १९७४ साली जगात दोन जड गोष्टी घडल्या. इकडे रा. भा. पाटणकरांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तिकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन चिमुकल्या पुस्तिकांच्या रूपात खोक्यात घालून विक्रीला आला. दोन्ही पुरत्या समजल्या आहेत असा माणूस मला अजून भेटायचा आहे. हा गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता आणि ती नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करत असे. म्हणजे माणसावर संकट केव्हा कोसळेल आणि त्याच्या पायाखाली काय असेल, या दोन्ही विषयांचा त्याचा अभ्यास पक्का होता.

खेळ असा की, एक जण होतो सूत्रधार. तिकडे त्याला डंजन मास्टर म्हणतात. आपल्याला संगीत नाटकाची सवय, तेव्हा आपण सूत्रधारच म्हणू. बाकीचे गडी. प्रत्येक गडी एकेक सोंग घेतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, “तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात.” गडी म्हणतात, “आत शिरतो.” शिरल्यावर काय होतं ते थोडं सूत्रधाराच्या डोक्यात असतं आणि थोडं फाशावर. फासाही साधा नव्हे, वीस बाजूंचा! शकुनीमामाच्या हाती तो लागला असता तर पांडवांना वनवासाऐवजी थेट संन्यासच घ्यावा लागला असता.

आता या खेळात भुयाराचा संपूर्ण नकाशा सूत्रधाराजवळ असतो. कुठं चोरदरवाजा, कुठं गुप्त खोली, कुठं खजिना आणि त्यावर कोण वेटोळं घालून बसलंय, सगळं त्यात. गड्यांना त्यातलं काही दिसता कामा नये. सुरुवातीच्या काळात हे सोपं होतं. सूत्रधार तोंडानं सांगायचा, “डावीकडे तीस फूट बोळ,” आणि एक गडी चौकटीच्या कागदावर रेघा ओढत बसायचा. चुकला तर त्याचं तो बघून घेईल. पुढे सूत्रधारांना दया आली म्हणा किंवा गड्यांना आळस आला म्हणा, पण गड्यांच्या हाती तयार नकाशा द्यायची पद्धत पडली. आणि तिथेच कलेचा खरा प्रश्न उभा राहिला. जे आहे ते कागदावर दाखवायचं नाही. पण ‘इथं काहीतरी दाखवलेलं नाही’ हेही दाखवायचं नाही. हे जमवायचं कसं?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आजऱ्यात. मे महिन्यात पुण्यामुंबईची सगळी बिऱ्हाडं आजऱ्याला येऊन आदळतात. घनसाळाच्या भाताचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि माणसं येताना तब्येतीसाठी पथ्य करत आलेली असतात ती जाताना पथ्य विसरून जातात. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत तो आक्काच्या माडीवर हा खेळ मांडतो. गडी गल्लीतलेच. एक गवंड्याचा मुलगा, दोन मास्तरांच्या मुली आणि एक वकिलाचा चिरंजीव, जो दर फाशाला हरकत घेतो. वळवाचा पाऊस येऊन वीज गेली की भुयाराला लागणारा अंधार फुकटात मिळतो. भाच्यानं गडहिंग्लजजवळचा सामानगड दोनतीनदा पाहिलेला. त्यावरून स्फूर्ती घेऊन त्यानं मनानंच एक किल्ला उभारला, त्याखाली भुयार खणलं आणि गड्यांसाठी त्याचे एकामागून एक चार नकाशे काढले. मम्मटानं काव्याचे दोष सांगून ठेवले आहेत. या चार नकाशांच्या आधारे मी नकाशाचे सांगतो.

पहिला, सारवणदोष. भाच्यानं पुरा नकाशा काढला, त्याची झेरॉक्स घेतली आणि गुप्त खोलीवर पांढरी शाई फासली. सगळा कागद बारीक चौकटींचा आणि मधोमध एक शुभ्र, गुळगुळीत, नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा चौकोन! गवंड्याच्या पोरानं कागद हातात घेतला, त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हितं खणूया.” खेळ अजून सुरू व्हायचा होता. गडी भुयाराच्या बाहेर उभे होते. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथं ते कागदावर पडलं होतं.

दुसरा, क्रमभंगदोष. या खेपेला पांढरी शाई नव्हती. गुप्त खोल्या वगळून नकाशा नव्यानं काढला होता. पण मूळ नकाशातले खोल्यांचे आकडे तसेच राहिले. सहानंतर आठ, दहानंतर बारा. मास्तरांच्या थोरल्या मुलीनं हजेरी घेतल्यासारखा आवाज लावला. “सात आणि अकरा गैरहजर का आहेत?” झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण मूठ झाकल्यावर पाच बोटांपैकी तीनच दिसली तर लोक उरलेल्या दोघांची चौकशी करणारच.

तिसरा, जाडभिंतदोष. आकडे सुधारले, चौकटी सुधारल्या, आणि गुप्त खोलीच्या जागी काळ्या रंगानं भरीव भिंत दाखवली. खोली वीस फुटी. तेव्हा भिंतही वीस फूट जाड झाली. गवंड्याचं पोर पुन्हा पुढं सरसावलं. “मामा, ह्ये बगा. आमच्या बा नं उभ्या जन्मात दीड फुटाच्या वर भित घातली न्हाई. वीस फुटाला दगूड कुठनं आणला? आनि पैसं कुनी दिलं?” वास्तववादी समीक्षेचा इतका उत्तम नमुना मी विद्यापीठाच्या चर्चासत्रातही ऐकलेला नाही. तेवढ्यात आक्का चहा घेऊन वर आली. तिनं नकाशावर एक नजर टाकून वेगळ्याच संप्रदायाची समीक्षा केली. “एवढ्या खोल्या काढल्यास, यात चूल कुठाय? तुझ्या त्या राक्षसांना जेवायला कोण घालतंय?” भाचा गप्प. हा आक्षेप अमेरिकेतल्या निम्म्या भुयारांना लागू पडतो.

इथवर चाललं होतं ते गमतीचं होतं. चौथ्या नकाशात मात्र मामला गंभीर झाला. भाचा इरेला पेटला होता. त्यानं काय करावं? त्यानं सरळ खोटा नकाशा काढला. बोळाची लांबी कमी केली, खोल्या एकमेकींना चिकटवल्या, मापं अशी जुळवली की मधे जागा उरल्याचा संशयच येऊ नये. गडी संध्याकाळभर हिंडले. काहीही सापडलं नाही. शेवटी सूत्रधारानं विजयी मुद्रेनं जाहीर केलं, “बघा, या बोळाच्या मागे खजिना होता!” वकिलाचे चिरंजीव उठून उभे राहिले. “म्हणजे नकाशा खोटा होता?” भाचा म्हणाला, “मग? तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं ना!”

त्याला वाटलं, आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी टीकाकाराच्या खुर्चीवरून पाहिलं. गड्यांनी नकाशा चुरगाळून फेकून दिला आणि भिंत ठोकायला सुरुवात केली. दहा फूट चालले की, “थांबा, भिंत ठोकतो.” फासा. काही नाही. आणखी दहा फूट. “जमीन ठोकतो.” फासा. “छत ठोकतो.” तीन तासांत मंडळी चाळीस फूट पुढं गेली. ज्यावर विश्वास ठेवायचा असा कागद उरला नाही की माणूस प्रत्येक भिंतीला कान लावून बसतो. राक्षस वाट पाहून झोपले असतील. भाचा रडकुंडीला आला आणि खेळ मोडला.

म्हणून माझा पहिला सिद्धान्त असा, की मुका नकाशा वेगळा आणि खोटा नकाशा वेगळा. मुका नकाशा सांगत नाही. खोटा नकाशा फसवतो. मुक्या नकाशासमोर गडी विचार करतो. खोट्या नकाशासमोर तो भिंती ठोकतो.

हे तत्त्व काही अमेरिकेहून यायला नको होतं. ते आमच्याच कोल्हापूरच्या मुलखात तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं म्हणून जे ‘आज्ञापत्र’ प्रसिद्ध आहे, १७१५ च्या सुमाराचं, त्यात किल्ल्यांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. एकच दरवाजा असणं हा किल्ल्याचा मोठा दोष, असं पंत सांगतात. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, तशाच चोरदिंड्या कराव्यात. रोजच्या राबत्याला लागतील तेवढे दरवाजे उघडे ठेवून बाकीचे चिणून टाकावेत. वाचकहो, लक्ष द्या. पंत चोरदिंडी ‘पुसा’ म्हणत नाहीत, ‘चिणा’ म्हणतात. चिणलेली दिंडी भिंतीतच असते. बाहेरून भिंत दिसते, आणि ज्याला डोळे आहेत त्याला दगडाचा सांधा निराळा दिसतो. जगातल्या एकाही सूत्रधाराला याहून शहाणा सल्ला मिळालेला नाही.

पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ अंधार बावडी आहे. वरून पाहणाऱ्याला इमारत दिसते. आत उतरलं की मजल्याखाली मजला, तळाला पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निसटण्याची वाट. लपवलेलं सगळं आहे, पण कुठलीच भिंत खोटी नाही. प्रत्येक दगड आपलं काम करतो आहे आणि वर गुपितही राखतो आहे. वीस फुटी काळ्या भिंतीपेक्षा हे किती सरस!

आणि याच पन्हाळ्याची दुसरी बाजू बघा. १६७३ साली कोंडाजी फर्जंदानं साठ गड्यांनिशी हा किल्ला घेतला तो कुठल्या चोरदरवाज्यानं नव्हे, तर रात्री कडा चढून. आदिलशाही किल्लेदाराजवळ नकाशा असता तर त्यात ती जागा कोरीच असती. कडा आहे, तिथून कोण येतो? रायगडाची हिरकणी दंतकथेतली का असेना, पण तीही त्याच जातीची. दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि नकाशात नसलेली वाट. गवळणीला ती सापडली, कारण तिला सापडायलाच हवी होती. म्हणजे सूत्रधारानं कितीही लपवलं तरी गड्याला त्यानं न काढलेली वाट काढण्याची मुभा हवी. कथेतल्या महाराजांनी हिरकणीला “ही वाट नियमात नाही” असं सांगितलं नाही. त्यांनी तिथं बुरूज बांधला आणि बुरुजाला तिचं नाव दिलं. हा सूत्रधाराचा मोठेपणा.

दुसरा सिद्धान्त मात्र अस्सल आजऱ्याचा आहे. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत इथलेच, १९४० साली त्यांचा जन्म आजऱ्यात झाला आणि १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली. ती कादंबरी आपण रडत रडत वाचतो, पण नकाशाशास्त्राच्या दृष्टीनं कुणी वाचलेली दिसत नाही. कर्ण म्हणजे तरी कोण? हाती अपुरा नकाशा घेऊन जन्माला आलेला गडी. त्याच्या नकाशातली एक खोली कुंतीनं वगळली. पण वगळताना कवचकुंडलं ठेवली! सूतपुत्राच्या अंगावर जन्मजात कवच कसं, हा प्रश्न म्हणजेच दगडाचा निराळा सांधा. मापं घेणाऱ्याला आतली लांबी आणि बाहेरची लांबी यांत फरक दिसत होता. म्हणजे लपवणं चोख होतं. चूक झाली ती वेळेची. गुपित त्याला केव्हा कळलं? युद्ध तोंडावर आल्यावर, दुर्योधनाचं मीठ खाऊन झाल्यावर, म्हणजे कळून उपयोग नाही अशा वेळी. चोरदरवाजा सापडला, पण पलीकडे जायची वाट बंद. गुप्त खोली अशी असावी की ती सापडल्यावर गड्याला काहीतरी करता आलं पाहिजे. नुसतं हळहळायला खोली कशाला हवी?

सावंतांनी आणखी एक युक्ती सांगितली आहे. ही कथा सहा जणांच्या तोंडून येते. जे एकाला ठाऊक ते दुसऱ्याला नाही, आणि तरी कुणी खोटं बोलत नाही. मी भाच्याला हेच सांगितलं, “अरे, तुझ्या नकाशाला निवेदक नाही. हा नकाशा काढला कुणी? किल्ल्यात पाणी भरणाऱ्या माणसाचा असेल तर विहिरी चोख येतील आणि खजिन्याचा पत्ता नसेल. पहारेकऱ्याचा असेल तर दरवाजे मोजून येतील आणि जनानखान्याच्या जागी नुसती भिंत. त्याला तिथं कोण सोडतंय? मग काही लपवायलाच नको. माणसाला जेवढं माहीत तेवढं तो काढतो.” भाचा म्हणाला, “मामा, हे पुस्तकात लिहिलेलं नाही.” मी म्हटलं, “तुझ्या नाही, आमच्या आहे.”

आता थोडं सरकारबद्दल. दोन नकाशे ठेवायची कल्पना लष्कराची आहे. प्रशियात १८२४ साली फोन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं युद्धाचा खेळ रचला, त्यात पंच दोन्ही बाजूंना ज्याला जे दिसेल तेवढंच सांगायचा. आपल्या सरकारनं २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात तोच खेळ रीतसर मांडला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दोन प्रकारचे झाले. एक संरक्षण मालिका, म्हणजे सूत्रधाराचा; दुसरी खुली मालिका, म्हणजे गड्यांचा, ज्यात संवेदनशील जागा गाळलेल्या. त्याआधी तर समुद्रकिनारा आणि सरहद्द यांच्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. आजऱ्यापासून समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे जो आजरेकर रोज हिरण्यकेशीत पाय बुडवत होता, त्याला त्याच हिरण्यकेशीचं वळण कागदावर बघायला परवानगी लागत होती. आणि गंमत अशी, की २००५ सालीच गूगल अर्थ आलं आणि अख्ख्या दुनियेला आजऱ्यातल्या घरांची कौलं दिसू लागली. हा सारवणदोषाचा राष्ट्रीय नमुना. सरकारलाही ते पटलं असावं. २०२१ साली नियम बरेच सैल झाले.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट उरतेच. खेळात गडी बसतो तो ‘माझ्यापासून लपव’ असं आपण होऊन सांगून बसतो. लपवणाऱ्यानं आणि शोधणाऱ्यानं आधी हातावर हात मारलेला असतो. म्हणून तिथं लपवणं ही कला होते. ज्यानं असा हात दिलेला नाही, त्याच्या हाती अपुरा नकाशा देणं ही कला नव्हे. मग तो नकाशा किल्ल्याचा असो, जमिनीचा असो की घरातल्या माणसांचा. कर्णानं कुठं हात दिला होता?

ता. क. भाच्यानं पाचवा नकाशा काढला आहे. तो म्हणे किल्ल्यातल्या एका आचाऱ्यानं काढलेला आहे, त्यामुळे त्यात चूल आहे. आक्का खूष. गुप्त खोली कुठं आहे ते मला ठाऊक नाही. पण मुदपाकखाना आतून बारा हात आहे आणि बाहेरून सोळा, एवढं गवंड्याच्या पोरानं वहीत लिहून ठेवलं आहे आणि तो कुणाला काही बोललेला नाही. तसं आक्काच्या घराच्याही भिंतीत एक बळद आहे, ते घराच्या कुठल्याच नकाशात नाही. काजूगराचा डबा त्यातच असतो. कुठली भिंत ते मी सांगणार नाही. आजऱ्याला या आणि मोजा.